सकाळी साडेनऊचं लग्न

हेवा करणं आपल्या स्वभावातच नाही, असं सुहासिनी पटवर्धन कुणालाही सांगते आणि सांगताना तिला ते खरंही वाटतं. भावजयीनं बांधलेला बंगला, शेजारणीची परदेशी गेलेली मुलगी, यांतल्या कशानंही तिची झोप उडाली नव्हती. ती उडवली गौरी आगाशेनं, आणि तीही सुहासिनीच्या टेस्ट नीटनेटक्या लावून दिल्या एवढ्याच अपराधापायी. हे कळायला आधी सुहासिनीचं काम कळायला हवं.

तिचे वडील सांगलीहून भोपाळला भेलच्या कारखान्यात आले ते इथलेच झाले. घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी, अशी ती पिपलानीच्या क्वार्टरमध्ये वाढली. लग्नानंतर अशोका गार्डनला आली. नवरा नितीन मंडीदीपच्या कारखान्यात, आणि ती स्वतः मिसरोदला, टाइल्सच्या दुकानावर थाटलेल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत. कंपनीची एक वेबसाइट होती. तिच्यावरून गावातली सभागृहं आणि मंडळांचे हॉल बारशाला, मुंजीला, लग्नाला बुक करता येत. वेबसाइट लोकांपुढे जाण्याआधी तपासायची, हे सुहासिनीचं काम.

पहिली काही वर्षं तिनं ते हातानं केलं. प्रोग्रॅमर मुलांनी एवढंसं काही बदललं की हिनं बसायचं आणि गिऱ्हाईक होऊन सगळं पहिल्यापासून करायचं: लॉगिन, हॉल, तारीख, वधूवरांची नावं, पैसे भरणं, पावती. मग एका वर्षी ती हट्टाला पेटली आणि स्वयंपाक उरकून व्हिडिओ बघत बघत कोड लिहायला शिकली. ब्राउझर आपोआप उघडेल, नावं आपोआप भरली जातील, पावती निघाली की नाही हेही आपोआप तपासलं जाईल, अशा टेस्ट तिनं लिहिल्या. त्या पहिल्यांदा चालल्या तेव्हा अख्खं ऑफिस तिच्या खुर्चीमागे उभं होतं आणि स्क्रीनवर कुणाचाही हात न लागता एक लग्न बुक होत होतं. नवरी सुहासिनी, नवरा नितीन. त्या संध्याकाळी ती घरी जिलबी घेऊन गेली.

एवढं खरं, की त्या टेस्ट म्हणजे एक लांबलचक मालगाडी होती. पहिलीनं लॉगिन करायचं, दुसरीनं तिच्याच जोरावर हॉल निवडायचा, तिसरीनं दुसरीच्या बुकिंगचे पैसे भरायचे. मुलांनी एखादं बटण डावीकडचं उजवीकडे सरकवलं की इंजिन रुळावरून घसरायचं आणि मागचे सगळे डबे उभे. मग सकाळी पोह्यांना फोडणी घालतानाच सुहासिनीचा फोन वाजायचा. कंपनीचे मालक जितेंद्र सर इंदूरचे, त्यांच्या मराठीत हिंदी केव्हा शिरे हे त्यांनाही कळत नसे. "सुहासिनीजी, टेस्ट अटकली, तुम्ही आल्याशिवाय होणार नाही." ही स्कूटर काढायची, ऑफिसात येऊन दोन ठिकाणी टिचकी मारायची आणि गाडी चालू. या फोनांबद्दल ती घरी रोज कुरकुरायची. पण खरं सांगायचं तर त्या फोनांवर ती जगत होती.

गौरी आली गणपतीच्या थोडं आधी. नवऱ्याची बँकेत इकडे बदली झाली म्हणून पुण्याहून आलेली, तिशीच्या आतली, हळू बोलणारी. कुणी काही सांगितलं की "हो का?" म्हणायची आणि खरंच ऐकून घ्यायची. ताईंना मदत कर, असं जितेंद्र सरांनी तिला सांगितलं. तिनं काही दिवस नुसतं सुहासिनीचं कोड वाचलं आणि मग डबा खाताना विचारलं, की या सगळ्या टेस्ट एकमेकींच्या खांद्यावर उभ्या आहेत, ते मुद्दाम आहे का. सुहासिनीनं मुद्दामच आहे म्हणून ठणकावलं. गिऱ्हाईक तसंच जातं, एकामागून एक.

गौरीनं वाद घातला नाही. सरांना विचारून ती कामाला लागली. तिनं प्रत्येक टेस्ट आपापल्या पायावर उभी केली. पावती तपासायची आहे ना, मग ती टेस्ट स्वतःचं बुकिंग स्वतः करणार, पावती बघणार आणि जाताना सगळं पुसून जाणार. शेजारची पडली तरी हिला धक्का नाही. कुठल्या पानावर कुठलं बटण आहे याची माहिती त्या त्या पानाच्या नावानं एकाच जागी ठेवली. बटण हललं तर एका ठिकाणी दुरुस्ती की काम झालं. पान उघडेपर्यंत धीर धरावा म्हणून सुहासिनीनं जागोजागी "पाच सेकंद थांब" लिहून ठेवलं होतं. गौरीनं ते काढून "पावती दिसेपर्यंत थांब" असं केलं. बारीकसारीक तपासण्या तिनं प्रोग्रॅमर मुलांच्या गळ्यात घातल्या आणि गिऱ्हाईक ज्या वाटांनी खरोखर या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं, तेवढ्याच इथं ठेवल्या. जवळजवळ प्रत्येक टेस्टला लागणारं लग्नाचं बुकिंग तिनं एका फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या एकाच गाठोड्यात, बांधून टाकलं. कुठल्याही टेस्टनं एका ओळीत "लग्न बुक कर" म्हणायचं, की नावं, तारीख, वेळ सगळं भरून तयार.

हे सगळं बरोबर होतं, हेच सुहासिनीच्या पोटात दुखत होतं. चुकीचं असतं तर ती भांडली असती. तिच्या निम्म्याअधिक टेस्ट निकालात निघाल्या, आणि उरल्या त्या पूर्वी तासभर रखडायच्या तिथं आता चहा निवायच्या आत संपू लागल्या. रात्री टेस्ट चालायच्या आणि सकाळी कुठली पडली, कुठल्या पानावर, काय सापडलं नाही, ते रिपोर्टच सांगायचा. ज्या मुलानं बटण हलवलं तोच मुकाट्यानं दुरुस्त करायचा. सुहासिनीचा फोन वाजेनासा झाला. सकाळी पोहे नीट परतले जात होते, नितीन वाखाणून खात होता, आणि ती मात्र ओट्यावर पालथ्या पडलेल्या फोनकडे बघत होती.

मग तिला गौरीचं सगळंच खुपायला लागलं. तिचं हळू बोलणं, तिचा नीट लावलेला डबा, तिचं ते "हो का?". जितेंद्र सर कुणाला तरी "गौरीनं काय स्ट्रक्चर बनवलंय" म्हणाले, की सुहासिनीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शून्यातून उभ्या केल्या मी, आणि कौतुक आवरणाऱ्या बाईचं.

त्यात दिवाळी जवळ आली. होशंगाबाद रोडवरचे मॅरेज गार्डनवाले, म्हणजे लग्नासाठी मोकळी हिरवळ भाड्यानं देणारे, पहिल्यांदाच कंपनीकडे आले होते. देवउठनी ग्यारसला, म्हणजे कार्तिकी एकादशीला, लग्नं सुरू व्हायच्या आत त्यांना वेबसाइट हवी होती. काम वाढणार, टेस्टिंगची स्वतंत्र टीम होणार आणि तिला एक लीड लागणार. गार्डनवाल्यांना डेमो दाखवून झाला की नाव ठरवतो, असं जितेंद्र सर म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी दोघींकडे सारखंच बघितलं. सुहासिनीला तेच लागलं. ती जागा इतकी वर्षं तिनं मनातल्या मनात आपलीच धरली होती, फक्त कुणी तसं म्हणायचं राहिलं होतं.

डेमोच्या आदल्या आठवड्यात तिनं गौरीचं काम ओळ न ओळ वाचायला घेतलं. शिकायला नव्हे, चूक काढायला. बराच वेळ काही मिळेना. शेवटी ती त्या "लग्न बुक कर" फंक्शनमध्ये शिरली आणि थांबली. आत लग्नाची वेळ बांधलेली होती, सकाळी साडेनऊ ते दुपारी चार. म्हणजे रोज रात्री चालणाऱ्या साऱ्या टेस्टमधलं प्रत्येक लग्न सकाळी लागत होतं आणि जेवणं उरकून दुपारी आटपत होतं.

सुहासिनीला हसूच फुटलं. बाईसाहेब पुण्याच्या ना. मॅरेज गार्डनमध्ये सकाळी साडेनऊला झाडूवालासुद्धा नसतो. इथं बारात निघते रात्री, नाचत नाचत गेटपाशी येते ती आणखी उशिरा, फेरे पडतात मध्यरात्रीनंतर आणि विदाई होते उजाडताना. लग्न एका तारखेला सुरू होतं आणि दुसऱ्या तारखेला संपतं. मंडळांचे हॉल रात्री बंदच होत, त्यामुळे आजवर हा प्रश्न आला नव्हता. आता येणार होता, आणि तारीख उलटली की वेबसाइट काय करते हे एकाही टेस्टनं पाहिलेलं नव्हतं. तिनं हळूच हातानं एक बुकिंग करून पाहिलं, संध्याकाळी सात ते सकाळी सहा. जे दिसलं त्यानं तिच्या काळजात गुदगुल्या झाल्या. ते बुकिंग तिनं पुसून टाकलं आणि मूग गिळून बसली.

त्याच दिवशी गौरी तिच्या टेबलापाशी आली. "ताई, तुम्ही इथल्या आहात. गार्डनवाल्यांचं मला काहीच माहीत नाही. एकदा नजर टाकता का, काही सुटलंय का बघायला?"

बोलायची हीच वेळ होती. शब्द ओठांपर्यंत आलेही. "पाहिलंय मी," सुहासिनी म्हणाली, "ठीक आहे सगळं." गौरीनं बरं वाटून मान हलवली आणि डब्यातला अळूवडीचा मोठा तुकडा हिच्या झाकणात ठेवला. सुहासिनीनं तो खाल्लाही.

डेमोला गार्डनवाल्यांच्या वतीनं राठौरजी आले. प्रोजेक्टरवर सगळं सुंदर दिसत होतं. जितेंद्र सरांनी आधीच सांगून टाकलं, की रात्रीच्या सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत, म्हणजे पास. राठौरजींनी पुतण्याच्या लग्नाचं बुकिंग करायला सांगितलं, संध्याकाळी सात ते सकाळी सहा. झालं. पावती आली. राठौरजी खूश झाले, पण धंदेवाईक माणूस, लगेच उठून जाणारा नव्हे. तेच गार्डन, तीच रात्र आता दुसऱ्या पार्टीला दाखवा, म्हणाले. गौरीनं तारीख टाकली. गार्डन रिकामं दिसत होतं. तिनं पुन्हा टाकली. रिकामंच.

"मतलब एक गेट पे दो बारात?" राठौरजी शांतपणे म्हणाले. "भैया, लट्ठ चल जाएंगे."

जितेंद्र सरांच्या तोंडचं पाणी पळालं. टेस्ट तर सगळ्या पास होत्या, मग हे कसं, असं त्यांनी गौरीला विचारलं. गौरी उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. एकही टेस्ट रात्रीच्या लग्नाची नाही, ते फंक्शन मी लिहिलं, वेळ विचारून घ्यायला हवी होती, चूक माझी आहे, एवढं तिनं सरळ सांगितलं आणि ती खाली बसली.

मग सुहासिनी बोलली. किती दिवस मनात घोळवलेलं होतं, ते घडाघडा आलं. संध्याकाळी सातला सुरू, सकाळी सहाला समाप्त, आणि तारीख मात्र एकच, म्हणून वेबसाइटला लग्न सुरू होण्याआधीच संपलेलं दिसतं. असं लग्न जागाच अडवत नाही, म्हणून गार्डन मोकळं. संपण्याची तारीख वेगळी घ्यावी लागेल आणि टेस्टमध्ये रात्रीचं लग्न घालावं लागेल. "मैडम शादी समझती हैं," राठौरजी म्हणाले आणि त्यांनी आठवडाभराची मुदत दिली. ते गेल्यावर जितेंद्र सरांनी सुहासिनीला केबिनमध्ये बोलावून लीड केलं. जिन्यात उभं राहून तिनं नितीनला फोन लावला. जवाहर चौकातून येताना मिठाई आण, म्हणाली. कशाची ते सांगितलं, कशी मिळाली ते नाही.

जिंकलेल्या माणसाला समजूत घालायची फार हौस असते. सुहासिनी चहाचे दोन कप घेऊन गौरीपाशी गेली. "मनाला लावून घेऊ नकोस गं. तू पुण्याची, तुमच्याकडे लग्नं सकाळीच लागतात. तुला कुठून माहीत असणार?"

गौरीनं कप घेतला. "माझं लग्न संध्याकाळी लागलं, ताई. गोरज मुहूर्तावर." मग म्हणाली, "ती साडेनऊची वेळ तुमच्या टेस्टमधली आहे. तुमच्या प्रत्येक टेस्टमध्ये तीच होती. नवरी सुहासिनी, नवरा नितीन. मला वाटलं, तुमच्या लग्नाची असणार, म्हणून मुद्दाम तशीच ठेवली."

सुहासिनीच्या हातातला चहा तसाच राहिला. तिच्या लग्नाला साडेनऊला मंडळाचा हॉल ताब्यात मिळाला होता, चारला सोडायचा होता. आई बुंदीचे डबे मोजत दारात उभी होती. सगळं आठवलं. भोपाळमध्ये जन्म गेला, शेकडो रात्रींची लग्नं जेवून झाली, आणि लग्न म्हटल्यावर हिच्या बोटांनी आपलंच टाइप केलं होतं.

"मग तिथं सगळ्यांसमोर का नाही बोललीस?"

"काय बोलायचं? फंक्शन माझंच होतं. आणि मी तुम्हाला विचारलं होतं ना, तुम्ही पाहिलंही होतं. तुमच्याही नजरेतून सुटलं म्हटल्यावर माझ्या नजरेतून तर सुटणारच."

हे ती टोमणा म्हणून बोलली असती तर सुहासिनीला सोसलं असतं. पण ती मनापासून बोलत होती. आजवर हिला तिच्या कामाचा हेवा वाटत होता, आता तिच्या चांगुलपणाचाही वाटला. हे म्हणजे फारच झालं. लोकांनी एवढं चांगलं असू नये.

दुसऱ्या दिवशी तिनं जितेंद्र सरांना सांगितलं, की ती वेळ मुळात माझी होती, गौरीनं फक्त तशीच ठेवली. सर म्हणाले, "चलता है, सुहासिनीजी, जुनी गोष्ट आहे." प्रकरण तिथंच मिटलं होतं. ती दारापर्यंत गेलीही. दाराला हात लावून उभी राहिली आणि पाठमोरीच म्हणाली, "सर, मला ते आठवडाभर आधी दिसलं होतं. तिनं विचारलं तेव्हा मी ठीक आहे म्हणाले."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "चूक मी कुणाचीही पोटात घालतो. हे कसं घालू?"

लीड गौरी झाली. का बदललं ते सरांनी कुणाला सांगितलं नाही. सुहासिनीनं मात्र गौरीला स्वतःच सांगितलं. गौरीनं सगळं ऐकून घेतलं, "हो का" म्हणाली, आणि पुढचे काही दिवस तिचा डबा तिच्याच टेबलावर उघडत राहिला. घरी आणलेली मिठाई कुणाला द्यावी हे न सुचून नितीननं शेजारी वाटून टाकली.

फंक्शनमधून गौरीनं ती बांधलेली वेळ काढून टाकली. आता ज्या टेस्टला लग्न हवं तिनं वेळ स्वतः सांगायची, न सांगितली तर लग्नच लागणार नाही. रात्रीच्या लग्नाची टेस्ट तिनं सुहासिनीला लिहायला दिली, तेही मेलवर, दोन ओळींत. सुहासिनीनं ती गार्डनवाल्यासारखी लिहिली. सात ते सकाळी सहा, मग त्याच रात्री दुसरी पार्टी जागा मागणार आणि तिला नकार मिळालाच पाहिजे. एवढ्यावर ती थांबली नाही. दुसऱ्या सकाळी पाच वाजता तिसरी पार्टी येणार, हळदीचा मांडव घालायला, आणि विदाई उरकेपर्यंत तिलाही जागा मिळता कामा नये. नवरीच्या रकान्यात तिनं गौरीचं नाव घातलं. रोज रात्री टेस्ट चालणार, रोज रात्री ही पहाटेपर्यंत पाटावर बसणार. तेवढाच सूड.

प्रोग्रॅमर मुलांनी त्याच संध्याकाळी दुरुस्ती करून टाकली आणि सगळं ओके म्हणून ती घरी गेली.

सकाळी कढईत मोहरी तडतडत असताना सुहासिनीचा फोन वाजला. इतक्या दिवसांनी वाजला की तिला तो नितीनचा वाटला. गौरी होती.

"ताई, तुमची टेस्ट पडली."

"काय मोडलं? येते मी, आले."

"मोडलं काही नाही. टेस्ट बरोबरच पडली आहे. दुसरी पार्टी नीट अडली, पण पाच वाजताच्या हळदीला गार्डन मिळतंय. मुलांनी दुरुस्ती अर्धवट केली आहे. तुमच्याशिवाय कुणाला पकडता आलं नसतं." गौरी पुढे म्हणाली, "मी लिहिली असती तर मला ती पाच वाजताची पार्टी सुचली नसती."

शेवटचं वाक्य तिनं नेहमीच्याच हळू आवाजात म्हटलं, पण त्यात काहीतरी बारीकसं खुपत होतं. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. सुहासिनीला कळलं, कारण तसं खुपणं तिच्या स्वतःच्या रोजच्या ओळखीचं होतं. तिनं गॅस बंद केला, नितीनला पोहे तुझे तू परत म्हणून सांगितलं आणि स्कूटरची किल्ली घेतली.